प्लेटलेट नॉर्मल, मग पायांवर रक्ताचे ठिपके कसे?

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. नाशिकहून बहिणीचा व्हिडिओ कॉल आला तो थेट भाच्याच्या पोटऱ्यांवर. सहा वर्षांचं पोर, आठवड्याभरापूर्वी सर्दी-खोकला होऊन गेलेला, आणि आता दोन्ही पायांवर लाल, मधेमधे जांभळट ठिपके. शाळेच्या मोज्याचं इलॅस्टिक जिथे रुततं तिथे तर ठिपक्यांची रांगच लागलेली. शेजारच्या काकूंच्या मते पिसवा चावल्या होत्या. आमच्या आईचं निदान होतं पित्त, उपाय आमसुलाचं पाणी. भाऊजींनी मात्र तडक लॅब गाठली, कारण अंगावर लाल ठिपके दिसले की हल्ली आपल्याकडे पहिला शब्द येतो तो डेंगी. रिपोर्ट आला: प्लेटलेट ३ लाख २० हजार. घर निवांत झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगं पलंगावरून खाली उतरेना. दोन्ही घोटे सुजले होते.

बालरोगतज्ज्ञांनी पाय पाहिले, पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "लघवी तपासलीत का?" बहीण गोंधळली. ठिपके पायावर, सूज घोट्यात, मग लघवीचा काय संबंध? निदान झालं आयजीए व्हॅस्क्युलायटिस, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा दाह, पण लघवीचा संबंध मलाही तेव्हा कळला नव्हता. पुढच्या सहा महिन्यांत मात्र सगळं लक्ष त्या एकाच तपासणीकडे लागलेलं होतं.

आधी एक काचेचा पेला घ्या

पारदर्शक पेला ठिपक्यांवर दाबा आणि काचेतून पाहा. पित्ताच्या गांधी किंवा साधी लाली असेल तर दाबल्यावर रंग फिका पडतो, कारण तिथलं रक्त अजून रक्तवाहिनीतच असतं आणि दाबलं की बाजूला सरकतं. हे ठिपके मात्र तसेच राहतात. रक्त वाहिनीतून बाहेर झिरपून कातडीत मुरलेलं असतं, ते सरकणार कुठे? क्रिकेटचा चेंडू लागून काळंनिळं पडतं तसलाच हा प्रकार, फक्त बारीक बारीक ठिपक्यांचा. म्हणून पुढे त्यांचा रंगही तसाच बदलत जातो: लाल, मग जांभळा, मग तपकिरी-पिवळा.

सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, ठिपके नुसते काळपट वाटतात. अशा वेळी डोळ्यांपेक्षा बोटावर भरवसा ठेवा. हलक्या हाताने फिरवलं तर हे ठिपके किंचित उंचवटलेले लागतात. प्लेटलेट कमी झाल्याने येणारे ठिपके बहुधा सपाट असतात. हा फरक फार मोलाचा आहे.

कारण रक्त बाहेर झिरपायला दोन वाटा आहेत. प्लेटलेट म्हणजे गळती बुजवणारे गवंडी. ते कमी पडले तर बारीकसारीक भेगाही उघड्या राहतात. डेंगीत हे होतं. दुसऱ्या प्रकारात गवंडी भरपूर असतात, पण नळीच आतून सुजलेली, सच्छिद्र झालेली असते. ठिबकची नळी पाहिली असेल तर चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल. भाच्याचं दुखणं या दुसऱ्या प्रकारातलं. म्हणून प्लेटलेटचा आकडा उत्तम येऊनही ठिपके होतेच.

एवढं लांबलचक नाव कशासाठी

नळी सुजण्याला डॉक्टर व्हॅस्क्युलायटिस म्हणतात, म्हणजे रक्तवाहिनीचा दाह. लहान मुलांत त्याचा जो सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आहे, त्याचं आजचं नाव आयजीए व्हॅस्क्युलायटिस. २०१२ साली अमेरिकेत चॅपेल हिल इथे ठरलेल्या नामावलीत ते पक्कं झालं. त्याआधी, आणि अजूनही बहुतेक फायलींवर, याला हेनोक-शोनलाइन परप्युरा किंवा नुसतं एचएसपी म्हणतात. तुमच्या मुलाच्या कागदावर यातलं कुठलंही नाव असलं तरी आजार एकच.

शोनलाइन आणि हेनोक हे एकोणिसाव्या शतकातले जर्मन गुरुशिष्य. शोनलाइन यांनी ठिपके आणि सांधेदुखी यांची सांगड घातली, हेनोक यांनी त्यात पोटदुखी आणि पुढे किडनी जोडली. पण त्यांच्याही आधी इंग्लंडच्या विल्यम हेबर्डन यांनी एका पाच वर्षांच्या मुलाचं वर्णन लिहून ठेवलं होतं. ते छापलं गेलं १८०२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. (कांजिण्या आणि देवी हे वेगळे आजार आहेत हे नीट मांडणारे हेबर्डन ते हेच.) त्या मुलाला पोटात कळा, उलट्या, शौचातून रक्त, पाय रक्ताच्या ठिपक्यांनी भरलेले आणि लघवीत रक्त. दोनशे वर्षांपूर्वी, ना सोनोग्राफी ना लॅब, तरी लघवीकडे त्यांचं लक्ष गेलं होतं.

हा फार दुर्मीळ आजार नाही. जगभरच्या नोंदींनुसार दर लाख मुलांमागे वर्षाला साधारण १० ते २० जणांना होतो, आणि त्यातली बहुतेक दहा वर्षांच्या आतली, चार ते सात या वयातली जास्त.

सर्दी नाकात, ठिपके पायात?

आयजीए ही एक अँटीबॉडी आहे. अँटीबॉडी म्हणजे जंतूंना चिकटून त्यांना निकामी करणारं, शरीराने स्वतःच बनवलेलं प्रथिन. आयजीएचं काम उंबऱ्यावरचं. नाक, घसा, श्वासनलिका, आतडी अशा ओलसर अस्तरांवर ती पहारा देते. सर्दी-पडसं झालं की घशाच्या अस्तरात ती भराभर तयार होऊ लागते. इथपर्यंत सगळं रीतसर.

या अँटीबॉडीच्या मध्यावर बिजागरीसारखा एक भाग असतो आणि त्यावर साखरेच्या रेणूंच्या लहान साखळ्या लोंबत असतात. काही मुलांत या साखळीच्या टोकाची एक साखर, गॅलॅक्टोज, बसायचीच राहते. अशी अर्धवट अँटीबॉडी शरीराला परकी वाटते, म्हणून तिला दुसऱ्या अँटीबॉडी येऊन चिकटतात आणि त्यांच्या गुठळ्या होतात. पिठलं करताना बेसन नीट ढवळलं नाही तर होतात तशाच समजा. (रक्ताच्या गुठळ्या वेगळ्या, त्यांच्याशी याची गल्लत नको.)

गुठळी पातेल्यात फिरते तोवर कळत नाही, गाळताना अडकते. या गुठळ्याही रक्तातून वाहत जाऊन सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींत रुतून बसतात. मग संरक्षणव्यवस्था तिथे धावून येते. पांढऱ्या पेशी गोळा होतात, गुठळी मोडायच्या नादात नळीची भिंतच दुखावतात आणि रक्त पाझरायला लागतं. थोडक्यात, विषाणू पायापर्यंत पोचलेलाच नसतो. पायावर दिसते ती त्याला हाकलायला निघालेल्या फौजेची धामधूम, आणि तीही बहुधा सर्दी बरी होऊन आठवडा-दोन आठवडे झाल्यावर.

पायच का? उभ्या माणसाच्या शरीरात पाय हा सखल भाग. तिथल्या नळ्यांत दाब जास्त आणि प्रवाह मंद, त्यामुळे रुतायलाही तिथेच सोपं आणि पाझरायलाही. अजून न चालणाऱ्या बाळांत हेच ठिपके कुल्ल्यांवर आणि पाठीवर जास्त दिसू शकतात. मोज्याच्या इलॅस्टिकपाशी रांग का लागली होती, तेही यातच आलं. दाब पडतो तिथे ठिपके उमटतात.

विषाणूच कारणीभूत, हे कशावरून?

एका ठरावीक विषाणूवर बोट ठेवता येत नाही, हे आधी कबूल करायला हवं. पार्वोव्हायरस, अडेनोव्हायरस असे बरेच विषाणू या मुलांत सापडले आहेत. कोविडनंतर हा दाह झालेली मुलंही नोंदली गेली. शिवाय घसा धरवणारा स्ट्रेप्टोकॉकस हा तर विषाणूही नव्हे, जिवाणू आहे. तोही संशयितांत वरच्या क्रमांकावर असतो.

पुरावा आहे तो वेळापत्रकाचा. निम्म्याहून अधिक मुलांत आधी सर्दी-घसा होऊन गेलेला असतो. थंड देशांत सर्दीचा हंगाम शरद ते वसंत, आणि या आजाराचाही तोच. मग कोविडच्या काळात एक अनायास प्रयोग झाला. शाळा बंद, तोंडाला मास्क, पोरं घरात. फ्रान्समधल्या इस्पितळांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की त्या काळात या आजाराचं प्रमाण ठळकपणे घसरलं आणि निर्बंध उठल्यावर, नेहमीचे श्वसनविकार परतले तसं तेही वर चढलं.

तरीही सर्दी शेकडो मुलांना होते आणि हा दाह एखाद्यालाच. म्हणजे सर्दी ही ठिणगी, पण बंदुकीची दारू आधीपासून कोरडी असावी लागते. ती काही अंशी जन्मजात घडणीत असते. म्हणून "तू त्याला थंड पाणी दिलंस", "गारठ्यात बाहेर काढलंस" असं आईला ऐकवणाऱ्यांनी कृपया जरा थांबावं.

पोट आणि सांधे

बारीक रक्तवाहिन्या काही कातडीतच नसतात. गुडघे-घोटे सुजतात, पोरगं लंगडतं किंवा चालायचंच नाकारतं. पालक यालाच सर्वांत घाबरतात, आणि खरं तर यातच घाबरण्यासारखं सर्वांत कमी आहे. ही सूज सांधा कायमचा बिघडवत नाही, थोड्या दिवसांत उतरते. हातापायांचे पंजे, क्वचित डोक्याची कातडीही फुगते, तेही ओसरतं.

पोटाचं तसं नाही. आतड्याच्या भिंतीत हाच दाह झाला की कळा येतात, उलट्या होतात. काही मुलांत पोटदुखी आधी येते आणि ठिपके नंतर, त्यामुळे अपेंडिक्सचा संशय येणं स्वाभाविक आहे. थोड्या मुलांत सुजलेला आतड्याचा भाग पुढच्या भागात शिरतो, मोजा काढताना अर्धा आत दुमडावा तसा. असं झालं तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. ते सोनोग्राफीत दिसतं, पण त्यासाठी वेळेवर जायला हवं. पोट राहून राहून जोरात दुखतंय, उलटी हिरवी होतेय, शौचातून रक्त किंवा काळं पडतंय, असं असेल तर रात्री दोन वाजतासुद्धा निघायचं. मुलग्यांत वृषणाची सूज-दुखी हेही तातडीचंच कारण. मुलं लाजून सांगत नाहीत, म्हणून आपणच विचारावं.

मग डेंगी नाही हे नक्की ना?

पावसाळ्यात किंवा त्यानंतर तापासोबत ठिपके असतील तर रक्ताची साधी तपासणी करायलाच हवी. भाऊजींनी लॅब गाठली ते बरोबरच केलं. फक्त "प्लेटलेट नॉर्मल" याचा अर्थ त्यांनी "काहीच नाही" असा घेतला. खरा अर्थ "प्लेटलेटचा दोष नाही, आता नळीकडे पाहा" असा होता.

पित्ताशी गल्लत जास्त होते, कारण पहिल्या दिवशी हे ठिपके कधीकधी खरोखरच गांधींसारखे दिसतात. पण पित्ताच्या गांधींना मरणाची खाज असते आणि त्या काही तासांत जागा बदलतात. हे ठिपके ठाण मांडून बसतात.

एक शक्यता मात्र दाराशी वाट पाहत बसण्याची नाही. जोराचा ताप, मूल मलूल किंवा गुंगीत, आणि काचेखाली न विरणारे जांभळे डाग तासागणिक पसरत चाललेले, असं असेल तर तो रक्तात पसरलेला जिवाणूसंसर्ग असू शकतो. तिथे एकेक तास मोजला जातो. आपण बोलतोय त्या आजारात ताप असला तरी बहुधा बेताचाच असतो, आणि ठिपक्यांच्या मानाने मूल बरंच टवटवीत दिसतं.

स्टिरॉइड का नाही देत?

बहिणीच्या मनात हे पक्कं बसलं होतं की डॉक्टर स्टिरॉइड, म्हणजे दाह दाबणारं जोरकस औषध, द्यायला कचरतायत. हल्ली मलाही असे फोन येतात.

या आजारावर दाहाला मुळापासून उपटणारं औषध नाही, आणि बहुतेक मुलांना त्याची गरजही पडत नाही. चार-सहा आठवड्यांत तो आपला आपण ओसरतो. विश्रांती, भरपूर पाणी, दुखलं तर पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन सांध्यांना आराम देतं, पण पोटातून रक्त जात असेल किंवा किडनीवर परिणाम असेल तर ते नको. म्हणून घरातल्या डब्यातलं काढून देऊ नये. विषाणूजन्य सर्दीनंतरच्या ठिपक्यांवर अँटिबायोटिकचाही उपयोग नाही. घशात स्ट्रेप्टोकॉकस अजून ठाण मांडून असेल तरच ती द्यायची.

पोटातल्या असह्य कळांवर स्टिरॉइड देतात आणि त्याने आरामही पडतो. पण "आधीच दिली तर किडनी वाचेल" ही आशा तपासून पाहिली गेली आहे. सुरुवातीलाच काही मुलांना प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड आणि काहींना निव्वळ दिखाऊ गोळी देऊन ब्रिटनमध्ये तुलना केली गेली. वर्षाअखेर किडनीच्या बाबतीत दोन्ही गट सारखेच निघाले. म्हणून सरसकट देत नाहीत. किडनीला खरोखरच मार बसला तर गोष्ट वेगळी, तिथे स्टिरॉइड आणि त्याहून कडक औषधंही वापरतात.

डाग गेले, आता लघवी कशाला तपासायची?

आता डॉक्टरांच्या त्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ.

किडनी म्हणजे गाळणी. एकेका किडनीत सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणी म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंडाळा. अडकायला गुठळ्यांना याहून सोयीची जागा कुठली? साधारण तीनातल्या एका मुलाच्या किडनीत थोडाफार दाह होतो. आणि तो दुखत नाही. पाय ठिपके दाखवतात, घोटा सुजतो, पोट कळा देतं. किडनी मात्र गप्प राहते. गाळणी फाटली की लघवीत रक्तपेशी आणि प्रथिनं उतरतात, पण थोडी असली तर लघवीचा रंग नेहमीसारखाच दिसतो. रंग काळ्या चहासारखा झाला तर तो उशिराचा इशारा, तसंच सकाळी डोळ्यांखाली सूज दिसणं किंवा डोकं ठणकणं हेही.

हे दुखणं लगेच दिसेलच असंही नाही. २००५ साली आधीच्या बारा अभ्यासांतल्या १,१३३ मुलांची माहिती एकत्र तपासली गेली. किडनीवर परिणाम झालेल्यांपैकी ८५ टक्के मुलांत तो चार आठवड्यांत दिसला आणि ९७ टक्क्यांत सहा महिन्यांच्या आत. सहा महिने लघवी तपासा असं सांगतात ते या आकड्यावरून. दिलासाही यातच आहे. ज्यांची लघवी या काळात स्वच्छ राहिली, त्यांच्यापैकी कुणाच्याही किडनीला कायमची इजा झाली नाही. लघवीत नुसता किरकोळ दोष आला होता त्यांच्यात हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत राहिलं. प्रथिनं फार जाऊन अंगावर सूज आली होती किंवा किडनीचा दाह तीव्र होता त्यांच्यात मात्र ते वीस टक्क्यांच्या घरात गेलं.

तपासणी कुठल्याही लॅबमध्ये होणारी साधीच. सकाळची पहिली लघवी स्वच्छ डबीत. किती दिवसांनी, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. साधारणपणे पहिला महिना दर आठवड्याला आणि पुढे हळूहळू अंतर वाढवत नेतात. त्यासोबत रक्तदाब. इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: मुलाचा रक्तदाब मुलाच्या मापाच्या पट्ट्यानेच मोजायला हवा. मोठ्यांचा पट्टा लहान दंडाला गुंडाळला तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो आणि आपण उगाच निर्धास्त होतो. मागायला संकोच वाटतो खरा, पण मागावा.

अडचण तपासणीच्या खर्चाची कमी आणि विसराळूपणाची जास्त असते. महिन्याभरात पाय लख्ख होतात, पोर पुन्हा सायकलवर. तेव्हा डबी घेऊन लॅबच्या रांगेत उभं राहायला कुणाचाही पाय निघत नाही. आमच्या घरीही तिसऱ्या आठवड्यात "आता बास" असा सूर लागला होता. त्याच आठवड्याच्या लघवीत पहिल्यांदा प्रथिनं आणि रक्तपेशी दिसल्या.

राहिलेले चार प्रश्न

भावंडांना लागण होईल का? सर्दीची होईल, या दाहाची नाही. ठिपके असलेल्या मुलाला वेगळं झोपवायची गरज नाही.

पथ्य काय? वांगं, अंडं, आंबट सगळं बंद केलेली घरं मी पाहिली आहेत. त्याला आधार नाही. पोटात कळा असतील त्या दिवसांत मऊ भात-खिचडी पुरे, एरवी नेहमीचं जेवण.

लसीमुळे झालं का? लस घेतल्यानंतर असा दाह झाल्याच्या तुरळक नोंदी आहेत, पण लसच कारण होती हे सिद्ध झालेलं नाही. सर्दी-घशानंतरची उदाहरणं मात्र ढीगभर आहेत. राहिलेली लस कधी द्यायची हे डॉक्टरांना विचारा, परस्पर रद्द करू नका.

पुन्हा होईल का? साधारण तीनातल्या एकाला, बहुतेकदा पहिल्या काही महिन्यांत आणि पहिल्यापेक्षा सौम्य. पुन्हा ठिपके आले तर लघवीचं वेळापत्रक पुन्हा पहिल्यापासून.

भाच्याला जानेवारीत एक सर्दी झाली आणि ठिपके परत आले, तेव्हा बहिणीने तेच केलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती दुधाचा हिशेब लिहिते, त्याच चौकोनांत लघवीचे रिपोर्टही ती पहिल्यापासून लिहीत आली होती. डिसेंबरच्या पानावर प्रथिनांसमोर दोन अधिकचिन्हं, फेब्रुवारीत एक, मार्चमध्ये अगदी पुसट. मग एप्रिलपासून जुलैपर्यंत "निल". जुलैच्या त्या शेवटच्या चौकोनात वर दूध दीड लिटर असं लिहिलंय, कारण आम्ही सगळे तेव्हा तिच्याकडे गेलो होतो. भाचा गुडघ्याला खरचटून घेऊन आला होता, आणि बहीण सवयीने त्या खरचटलेल्या जागेशेजारी पेला दाबून पाहत होती.